भाऊजी सांगतात, मी जोडते

ता. ३, मंगळवार

भाऊजींच्या दोन्ही हातांना प्लास्टर घातलं आहे. डावं मनगट नुसतं तडकलंय, त्याला साडेतीन आठवडे. उजव्याचं मनगट आणि कोपर दोन्ही गेलीत, त्याला सहा. हाडांच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि ह्यांनी दोनदा विचारून पक्कं करून घेतलं, कारण भाऊजी स्वतः काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हते. काल दुकानाची पाटी पुसायला ते शिडीवर चढले होते. "अर्धी पाटी पुसून झाली आणि गडी खाली आला, शिडी न वापरता," असं हे दवाखान्यात भेटेल त्याला सांगत होते. सख्खा भाऊ आहे, म्हणून शोभतं.

दुकान म्हणजे एक खोली, पुढे काउंटर, मागे लांब टेबल. भाऊजी तिथे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि गेम खेळणाऱ्यांना कमी पैशात चांगले कॉम्प्युटर जोडून देतात. फुकट सल्ला देण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो. लग्न केलं नाही; दुकानाशी झालंय म्हणतात. जेवायला आमच्याकडे असतात.

आता खरी अडचण. क्रीडा मंडळानं सहा गेमिंग कॉम्प्युटर सांगितलेत. अठ्ठावीस तारखेला मंडळाच्या हॉलमध्ये लागले पाहिजेत, एकोणतीसला त्यांचे गेमचे पहिले सामने आहेत. सगळे सुटे भाग खोक्यांत येऊन पडलेत, जोडणारा प्लास्टरमध्ये. मंडळाचे चिटणीस संध्याकाळी घरी भेटायला आले. माणूस सभेचं इतिवृत्त लिहिल्यासारखा बोलतो.

"प्रकृतीची चौकशी करायला आलो," म्हणाले. "आणि कामाचीही. मोठ्या दुकानाला विचारून ठेवावं का, असा एक विचार पुढे आला."

"कुणाच्या पुढे आला?" ह्यांनी विचारलं.

"माझ्याच."

हे काम गेलं तर पुढचंही जाईल, मंडळ पुन्हा ह्या दारात यायचं नाही, हे भाऊजींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी चहा ठेवत होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "भाऊजी सांगतील, मी जोडते."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. चिटणीसांनी विचारलं, "आपल्याला अनुभव?"

"बावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होते. शर्टातला एक सुटलेला टाका सांगा, शोधून देते."

"नोंद घेतो," असं म्हणून ते गेले. होकार की नकार, कळलं नाही.

कारखाना बंद होऊन चार महिने झालेत. चार महिने मी घरातले पडदे तपासतेय.

ता. ४, बुधवार

सकाळी दुकान उघडलं. पाटी अर्धी लख्ख, अर्धी काळी. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "वहिनी, ही जाहिरात चांगली आहे, आधी आणि नंतर."

भाऊजींना उंच स्टुलावर बसवलं. दोन्ही हात कोपरात वाकलेले, पुढे धरलेले, जणू कुणीतरी बाळ हातात देणार आहे. मी टेबलाशी. पहिलं खोकं उघडलं.

"तो हिरवट-काळा पत्रा आहे ना, तो मदरबोर्ड. सगळं त्याच्यावर बसतं. हा छोटा चौकोन प्रोसेसर. हिशेब करणारा. ती लांबोडी पट्टी रॅम. आणि हे सगळ्यात मोठं खोकं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र काढणारा."

"आणि ह्यात महाग कोण?"

"चित्रकार. गेमला तोच लागतो. लोक उलटं करतात, वहिनी. काचेचं कॅबिनेट घेतात, रंगीत दिवे घेतात, आणि कार्ड घ्यायची वेळ आली की खिसा चाचपतात."

मला वाटलं, प्रोसेसर दाबून बसवायचा. पण तो दाबायचा नसतोच, नुसता ठेवायचा असतो. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळला की आपोआप बसतो. काजाला बटण जुळवण्यासारखं. मग त्याच्यावर थंडाव्याची पेस्ट.

"वाटाण्याएवढी घ्या."

"ताजा वाटाणा की सुका?"

भाऊजी पंधरा वर्षं लोकांना वाटाणा सांगतायत, आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे. म्हणाले, "सुका. भिजवलेला नाही." पेस्टवर कूलर बसवला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा आणि त्याला पंखा. चार स्क्रू, तिरपे तिरपे, थोडे थोडे पिळायचे. हे कुणी शिकवायला नको, शिलाई मशीन टेबलावर असंच बसवतात.

संध्याकाळी सहाला पहिला कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा मी मोठ्यानं "अगंबाई" म्हटलं. चष्मेवाला धावत आला, त्याला वाटलं आणखी कुणीतरी पडलं.

ता. ६, शुक्रवार

अभिमान दोन दिवस टिकला नाही. कॉम्प्युटर सुरू होतो, गेम लावला की सातव्या मिनिटाला धाडकन बंद. पुन्हा लावा, पुन्हा सातवं मिनिट. काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत हाच खेळ. पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलला. रॅम बदलली. कार्ड काढून दुसऱ्या खोक्यातलं लावलं. तेही सातव्या मिनिटाला.

भाऊजी चिडले. "वहिनी, काहीतरी विसरताय."

"तुम्ही सांगितलंत तेवढं सगळं केलं."

"मग एवढं कसं तापतंय?"

"मला काय विचारता? तुमचं दुकान."

ते स्टुलावरून उतरून दारात जाऊन उभे राहिले. मलाही राग आला. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला माल तीनदाच परत आला, तिन्ही वेळा चूक कापणाऱ्यांची होती. हे मी त्यांना ऐकवलं. नको होतं ऐकवायला.

उद्या कूलर काढून बघते. भाऊजी म्हणतात तिथे काही असणं शक्य नाही. तपासायचं ते तिथेच, जिथे काही असणं शक्य नाही.

ता. ७, शनिवार

सापडलं.

कूलर उलटा केला. जिथे तो प्रोसेसरला टेकतो त्या चकचकीत तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद चिकटलेला. माल नवा असताना ओरखडे पडू नयेत म्हणून कंपनी लावते. तो काढून मग कूलर बसवायचा. मी तसाच बसवला. म्हणजे तापलेल्या माणसाला पंखा लावायचा, पण अंगावरचं कांबळं न काढता.

कागद मला दिसला होता, हे इथे लिहून ठेवते. बोटाला लागलाही होता. मला वाटलं तो तसाच असतो, तळ आरशासारखा राहावा म्हणून. कारखान्यात कॉलरखालची टाचणी काढायची राहिली तर मी अख्खा गठ्ठा परत पाठवायचे. आणि इथे नवखी म्हणून विचारायला लाजले.

भाऊजींना दाखवला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा काढायचा असतो," म्हणाले.

"ते आता कळलं."

"मी सांगितलं नाही?"

"नाही."

कागदाकडे बघतच म्हणाले, "वहिनी, मी हे कधी कुणाला सांगितलंच नसेल. मला माहीतच नाही की मी तो काढतो. हातच काढतो."

मग आम्हाला दोघांना हसू आलं, आणि त्यांना डोळे पुसता येईनात. शेवटी माझ्या पदरानं पुसले.

कागद काढून, पेस्ट नव्यानं लावून कूलर बसवला. सात मिनिटं झाली. सतरा झाली. तासभर चालू ठेवला, हात लावून पाहिला, कोमट. कागद टाकला नाही. ह्याच वहीत ह्याच पानावर चिकटवलाय.

ता. ९, सोमवार

नवी पद्धत. अशा किती गोष्टी त्यांचे हात करत असतील ज्या तोंडाला माहीत नाहीत? मी म्हटलं, भाऊजी, डोळे मिटा आणि हवेत एक कॉम्प्युटर जोडा.

"लोक बघतील."

"लोकांनी तुम्हाला शिडीवरून येताना पाहिलंय, आता लाज कसली?"

मिटले डोळे. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं आणि खांदे हलवत सुरुवात केली. मी समोर वही घेऊन बसले, प्रत्येक हालचालीला अडवत.

"थांबा. आत्ता डावीकडे काय शिवलंत?"

"कुठे काय?"

"बोटं अशी लावलीत कशाला तरी."

"हां. कॅबिनेटच्या पत्र्याला. अंगातली वीज उतरते. नाहीतर कधीकधी नाजूक भाग जळतो." डोळे उघडून म्हणाले, "हेही नव्हतं सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. रॅमच्या खाचेवर फुंकर मारतात, तेही नाही. वायर लावून झाली की एकदा हलकी मागे ओढून बघतात, तेही नाही. रॅम दाबताना मान तिरपी करतात. का, तर दोन्ही टोकांचा टक् ऐकायला. एकच टक् आला तर ती अर्धीच बसलीय. सकाळपासून दुपारपर्यंत एकोणीस गोष्टी मिळाल्या. सगळ्या लिहिल्या.

डाव्या हाताची बोटंच जास्त बोलतात. उजव्याची गप्प असतात, पहिल्यापासून कामाचा हात म्हणून आता रजेवर असावीत. चहा देताना माझा धक्का लागून गरम चहा त्यांच्या उजव्या बोटांवर सांडला. मी ओरडले, त्यांनी साधं बघितलंही नाही, हवेत स्क्रू पिळत होते. एवढी एकाग्रता मी फक्त आमच्या कटिंग मास्तरांत पाहिली होती.

दुसरा कॉम्प्युटर तयार. वहीतल्या एकोणीस गोष्टींसकट. पहिल्या झटक्यात.

ता. १२, गुरुवार

आज गिऱ्हाइकांचा दिवस. मी जोडत होते, भाऊजी सल्ला देत होते.

एक गृहस्थ आले. पासवर्ड विसरलेत. विसरू नये म्हणून लिहून ठेवला होता. कुठे? त्याच कॉम्प्युटरच्या एका फाइलमध्ये. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलेला माणूस. भाऊजींनी गंभीरपणे विचारलं, "दुसरीकडे कुठे लिहिलाय?" तर म्हणाले, "छे, असं इकडेतिकडे लिहिणं धोक्याचं असतं ना!"

मग एक बाई, फोन भरलाय, काही नवीन ठेवता येत नाही. बघितलं तर मांजराचे अकराशे फोटो. "ह्यातले काढून टाका थोडे." बाईंनी एक एक बघायला घेतला. पाऊण तासानं उठल्या तेव्हा अकराशे चार झाले होते. आम्हाला दाखवायला म्हणून, दुसरंच काहीतरी पुसून, त्यांनी घरून आणखी चार मागवून घेतले होते.

मग एक नर्स आली. स्वतःसाठी गेमिंग कॉम्प्युटर हवाय, बजेट बेताचं. भाऊजींच्या अंगात आलं.

"मॉनिटर नवा नको, कुणाचा वापरलेला मिळेल. कॅबिनेट साधं घ्या, वारा खेळला म्हणजे झालं. रॅम एकच मोठी पट्टी घेऊ नका, तेवढीच दोन छोट्यांत घ्या, जोडीनं पळतात. उरलेलं सगळं कार्डावर घाला."

"आणि आत रंगीत दिवे?"

"दिव्यांनी वेग वाढत नाही."

"पण छान दिसतं."

"वहिनी, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "शर्ट घेताना मी आधी आतली शिवण बघते, मग रंग. आणि पॉवर सप्लाय हलका घेऊ नका. तो अस्तरासारखा आहे, दिसत नाही, पण फाटला की सगळं बाहेर येतं."

नर्स माझ्याकडे वळली आणि उरलेले प्रश्न मलाच विचारायला लागली. मी भाऊजींकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं रागावले. पण ती गेल्यावर म्हणाले, "अस्तर. पंधरा वर्षांत मला सुचलं नाही."

तीन तयार.

ता. १६, सोमवार

भाऊजी हल्ली विचित्र वागतात. सुटे भाग पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला तर मला म्हणाले, तुम्ही बोला. मी म्हटलं, फोन मी कानाला धरते, तुम्ही बोला. तर नाही. "तुमची ओळख होऊ दे." व्यापारी मला दहा मिनिटं सांगत होता की कार्डाचं नवं मॉडेल येतंय. मी विचारलं, जुन्यात काय खोट आहे? म्हणाला, काही नाही. मग जुनंच पाठवा म्हटलं. भाऊजी खूश झाले, जरा जास्तच.

कपाटाच्या कुठल्या खणात काय आहे तेही दाखवलं सगळं. कुठलं गिऱ्हाईक बोलघेवडं, कुठलं खरं. मी म्हटलं, भाऊजी, सहा आठवड्यांची तर गोष्ट आहे, मला वारसदार करताय की काय? ते म्हणाले, "पाठ असलेलं बरं." घरी बसून माणूस असा होतो.

चार तयार. चौथ्याच्या वायरी मी मागच्या बाजूनं टाके घातल्यासारख्या बांधल्या, एकही लोंबत नाही. भाऊजी म्हणाले, "हे माझ्यापेक्षा चांगलं आहे." दोनदा म्हणाले. पहिल्यांदा मी ऐकलं नाही असं दाखवलं, म्हणूनच दोनदा म्हणाले असतील.

ता. १९, गुरुवार

आजचं नीट लिहिते.

भाऊजी घरी आराम करत होते, दुकानात मी एकटी. केस कापणारा आला, त्याचं दुकान पलीकडच्या वळणावर. वर्षभरापूर्वी दुसरीकडून गेमिंग कॉम्प्युटर घेतलाय, चांगलं कार्ड आहे म्हणे, पण गेम अडखळत चालतो. "ढकलगाडी आहे नुसती. विकून टाकतो." त्यानं कॉम्प्युटर, मॉनिटर, वायरी, सगळं उचलून आणलं होतं.

मी म्हटलं, घरी जसं लावता तसं लावा. त्यानं लावलं. मी वही उघडली, एकोणीस गोष्टींत असं काही नव्हतं. भाऊजींना फोन करणार होते. आणि मागच्या बाजूला नजर गेली. मॉनिटरची वायर लावायला तिथे दोन जागा. एक वर, मदरबोर्डाची, त्यात वायर. एक खाली, ग्राफिक्स कार्डाची, आणि तिच्यावर कारखान्यातून आलेली रबरी टोपी अजून तशीच.

वर्षभर वापरलेल्या वस्तूवर टोपी? न घातलेल्या शर्टाच्या काजात बटण घट्ट असतं तसं.

"ही टोपी कधी काढली नाहीत?"

"त्याचा उपयोग काय?"

टोपी काढली. वायर वरून काढून खाली लावली. गेम सुरू केला. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, पडद्याकडे नाही. वर्षभर कार्ड रिकामं बसलं होतं; चित्रकार घरात बसवून ठेवला होता आणि भिंत स्वतःच रंगवत होता बिचारा.

"वहिनी," म्हणाला, "हे... हे असं असतं?"

त्यानं मला फुकट केस कापून द्यायचं कबूल केलंय, आयुष्यभर. भाऊजींना सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग ह्यांना सांगितलं, "दादा, टोपी वहिनींनी बघितली. वहीत नव्हती ती." हे म्हणाले, "माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण मात्र महिनाभर दिसत नाही तिला."

विसावी गोष्ट वहीत लिहिली. ही माझी.

ता. २६, गुरुवार

पाच तयार होऊन परवापासून रांगेत उभे आहेत. आज सहावा. आजच भाऊजींची डॉक्टरकडची फेरी, हे त्यांच्याबरोबर गेले. आणि नेमके आजच चिटणीस पाहणीला आले. माझ्या मागे उभे राहिले, हातात वही.

सहावा जोडला, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

"काही अडचण?" चिटणीस.

"नाही," मी म्हटलं. परवा पोचवायचे आहेत, आणि हाडं दाखवायला गेलेल्या माणसाला फोन करू नये एवढं मला कळतं.

वीज बंद केली, वायर काढली, पत्र्याला बोटं टेकवली. वही उघडून पहिल्यापासून बघत गेले. कागद काढलाय. वायरी ओढून बघितल्या, घट्ट. रॅमपाशी आले. पट्ट्या काढल्या, फुंकर मारली, पहिली बसवली. मान तिरपी केली. टक्. टक्. दुसरी. टक्.

वाट बघितली. दुसरा आला नाही.

सकाळी जोडताना समोरून ट्रक गेला होता, त्या आवाजात मी एकच टक् ऐकून पुढे गेले होते. आणखी जोर दिला. टक्. बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली.

"आपण आत्ता कान लावलात?" चिटणीसांनी विचारलं.

"हो."

"आवाजावरून दोष ओळखलात."

"हो."

"ही नोंद मी घेतोच," म्हणाले, आणि खरोखर लिहून घेतली.

दुपारी दोघं भाऊ परत आले. डाव्याचं प्लास्टर निघालंय, हात काडीसारखा झालाय, पण चालतो. उजव्याचं काढून, तपासून पुन्हा नवं घातलं. डॉक्टरांनी उजव्या बोटांना सुईनं टोचून बघितलं म्हणे.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"बरं झालं बाई," मी म्हटलं. मला सुईची फार भीती.

जेवताना भाऊजींना भात कालवून दिला ह्यांनी, डावा मोकळा झाला असूनही. मी सहाव्याची गोष्ट सांगितली, ट्रक, टक्, चिटणीसांची वही, सगळं. भाऊजी ऐकता ऐकता जेवायचे थांबले. "कुणाला फोन केला नाहीत?" "नाही." ते ह्यांना म्हणाले, "बघितलंस दादा?" आणि हे म्हणाले, "बघितलं रे." दमले असावेत दोघं. दवाखान्यात बसून माणूस दमतो.

ता. २९, रविवार

काल सहाही मंडळात लावले. आज सामने.

सगळे खेळाडूंकडे बघत होते, मी कॅबिनेटांकडे. सहाही चालले, तीन तास, एकही अडखळला नाही. मधून मधून मागे जाऊन हात लावून आले, कोमट. एका सामन्यात शेवटी हॉल उभा राहिला, कोण जिंकलं मला अजून माहीत नाही.

नर्स आली होती. केस कापणारा आला होता, शेजाऱ्याला टोपीची गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत आता मी वायरला हात न लावताच ओळखलं होतं. बक्षीस देऊन झाल्यावर चिटणीस बोलायला उठले. म्हणाले, "आजचे सर्व कॉम्प्युटर वहिनींनी जोडले आहेत, आणि त्यांतला एक माझ्यादेखत, कानानं." लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून लाखो शर्ट गेले, पण घालणाऱ्यानं कधी टाळी वाजवली नव्हती. वाजवणार कशी, मी कोण ते त्याला माहीत नव्हतं.

भाऊजी शेवटच्या रांगेत उभे होते. टाळी वाजवता येत नाही म्हणून डावा हात मांडीवर मारत होते. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

जाता जाता चिटणीस म्हणाले, आणखी चार लागतील. भाऊजींकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले. मला ते बरं वाटलं नाही, भाऊजींना वाटलं.

ता. ३०, सोमवार

आज भाऊजींनी स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर माझ्यासमोर ठेवला. पंधरा वर्षांचा आहे, मुठीवरची कापडी पट्टी त्यांच्या बोटांप्रमाणे झिजलेली. मी आजवर दुकानातला दुसराच वापरत होते.

"मूठ तुमच्या मापाची करून घ्या," म्हणाले. "नवी पट्टी गुंडाळा."

"आणि तुम्हाला?"

"मी आता स्टुलावर बसून सल्ला देणार. तो धंदा मला जास्त जमतो."

मी हसले. जुनी पट्टी न काढता वरून नवी गुंडाळली. दोनच वेढे दिले.

त्यांनी डाव्या हातात घेऊन पाहिलं. "दोनच? पक्की गुंडाळा, वहिनी."

"तुमचा हात बरा झाला की सोडवायला सोपं जाईल."

त्यांनी नव्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरं," आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला, मुठीची बाजू माझ्याकडे करून.

दुपारी रंगारी येऊन पाटीचं माप घेऊन गेला. पुसण्यापेक्षा नवीच रंगवायची ठरवलीय भाऊजींनी. नाव तेच राहणार, खाली एक ओळ वाढणार म्हणे. नवा फोन नंबर असेल. जाताना त्यानं मला विचारलं, तुम्ही तुमचं नाव कसं लिहिता, पूर्ण की नुसती आद्याक्षरं? पावतीसाठी हवं असेल. मी पूर्ण लिहून दिलं, स्वच्छ अक्षरात.

चार कॉम्प्युटरांचे सुटे भाग उद्या येतील. पाटी गुरुवारी सकाळी नऊला चढवणार आहेत. भाऊजींनी बजावलंय, त्या वेळी वहिनी दुकानात पाहिजेत. शिडी मी धरणार आहे.